मोटारहोम घेऊन मित्रांकडे जाताना: झोपायचं कुठे आणि राहायचं किती?

चाकावरचा | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसता वाचत) होतो, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं (मी ६३, बायको ६१) २०२३ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतलं घर विकून मोटारहोममध्ये राहायला लागलो. गाडी २८ फुटी, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचा सज्जा पुढे आलेला असतो ती. मागे घर नाही, गोदामात सामानही नाही. देव, दोन पातेली, तीन लिटरचा कुकर आणि मिसळणाचा डबा बरोबर. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात काढतो, मार्च संपला की हळूहळू उत्तरेला सरकतो. सध्या मिशिगनच्या वरच्या टोकाला लेक सुपीरियरच्या काठावर आहोत. रात्री अजून पांघरूण लागतं.

गोची उन्हाळ्याची आहे. शहाणा मोटारहोमवाला जुलैत गारव्याला चिकटून राहतो. पण मित्रांची आमंत्रणं नेमकी जुलै-ऑगस्टचीच, कारण तेव्हा नातवंडांना सुट्टी आणि त्यांना रजा. यंदा कोलंबस, बाल्टिमोरजवळ, न्यू जर्सी, कनेटिकट, बॉस्टन अशी पाच घरं ठरली आहेत.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगतो. कॉलेजातल्या जुन्या मित्राकडे गेलो. वहिनींनी गेस्टरूम लावून ठेवली होती. नवीन चादर, उशाशी पाण्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं. मी दारातूनच म्हणालो, "वहिनी, आम्ही गाडीतच झोपतो, तुम्हाला त्रास नको." त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही आमचा चहा पिऊन, आवरून नऊला घरात गेलो, तर टेबलावर चार बशा मांडलेल्या आणि पोहे निवून गेलेले. मित्र नंतर म्हणाला, "अरे, सातपासून वाट बघत होती ती. घर असताना माणसं अंगणात झोपतात म्हणजे काय, असं म्हणाली." चार दिवस राहिलो. त्या चादरीची घडी मोडली नाही.

तर अनुभवी लोकांनी सांगा. हे न दुखवता कसं सांगायचं? एका दारात किती दिवस उभं राहावं? वीज-पाण्याचे पैसे विचारावेत की तो आणखी मोठा अपमान?

---

मीठमिरची | ३ जून, रात्री १०:०२

एक दिवस पाहुणा, दुसरे दिवशी पई, तिसरे दिवशी राही त्याची अक्कल जाई. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं. पुढे बोला.

---

शंकासूर | ३ जून, रात्री १०:१५

एक शंका. काकूंना गाडीत झोपायचंय की घरात, हे अख्ख्या धाग्यात कुठेच नाही.

---

फ्यूज_उडाला | ४ जून, सकाळी ७:३०

पैशाचं आधी निपटतो. छतावरचा एसी साधारण दीड किलोवॉट ओढतो. रोज दहा तास चालला तर १५ युनिटं. युनिटला २० सेंट धरले तर ३ डॉलर. एवढ्यासाठी पाकीट पुढे केलंत तर मित्र पुन्हा बोलावणार नाही. आंब्याची पेटी न्या.

खरी अडचण वायरीची आहे. तुमच्या गाडीचा प्लग बहुधा ३० ॲम्पचा असेल, म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉट. मित्राच्या गराजमधलं साधं सॉकेट १५ ॲम्पचं, म्हणजे १८०० वॉट. तेही तासन्‌तास चालवायचं असेल तर १२ ॲम्पच्या वर जाऊ नये. १३,५०० बीटीयूचा एसी त्यावर जेमतेम चालतो. त्यात कुणी मायक्रोवेव्हमध्ये कालची आमटी गरम करायला ठेवली की अंधार. अडॅप्टर लावून प्लग बसला म्हणजे भिंतीतली वीज वाढली असं होत नाही, हे मी आजवर किमान दहा जणांना सांगितलंय.

आणि गवत कापायच्या यंत्राला लावतात ती पातळ केशरी एक्स्टेंशन कृपा करून वापरू नका. हात लावून बघा, गरम लागली तर त्याच क्षणी काढा. १० गेजची जाड वायर घ्या, लागेल तेवढ्याच लांबीची. एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवून घेतला तर सुरू होतानाचा झटका कमी होतो. मित्राने इलेक्ट्रिक कारसाठी ५० ॲम्पचं १४-५० सॉकेट बसवलं असेल तर मात्र दिवाळी. त्यावरून ३० ॲम्पवर उतरायचं अडॅप्टर सहज मिळतं. हल्ली मी मित्र निवडताना हेच बघतो. (हलके घ्या.)

---

ओलं_खोबरं | ४ जून, सकाळी ९:१२

फ्यूज_उडाला, तुमचा प्रतिसाद तीन वर्षं उशिरा आला हो.

नवऱ्याचा मावसभाऊ ट्रेलर घेऊन आला होता. आम्ही कौतुकाने गराजमधून वायर दिली. गराजचं सॉकेट जीएफसीआयवालं (विजेची गळती जाणवली की आपोआप बंद पडणारं), आणि त्याच लाइनवर आमचा डीप फ्रीजर. पहिल्याच रात्री कधीतरी ट्रिप झालं. हवा छान होती, भाऊजी खिडक्या उघडून बॅटरीवरच्या पंख्यात मस्त झोपले, त्यांना पत्ताच नाही. फ्रीजरकडे कोण बघतंय? तिसऱ्या दिवशी गराजचं दार उघडलं आणि वास.

खोवलेल्या नारळाच्या आठ पिशव्या. सुरमई. ते गेलं तर गेलं. पण आई सहा महिने राहून परत जाताना पुरण करून ठेवून गेली होती, वाट्यांच्या हिशोबाने, प्रत्येक डब्यावर तिच्या अक्षरात "होळी", "आषाढ", "पोळा" लिहून. होळीचा डबा तेवढा संपला होता.

भाऊजींना अजून सांगितलेलं नाही. सॉकेटवर चिठ्ठी लावली आहे: पाहुण्यांनी इथे खोचू नये.

---

मीठमिरची | ४ जून, सकाळी ९:२०

ओखो, हसू की रडू? त्या चिठ्ठीचा फोटो मात्र टाका.

---

डॅलसकर | ४ जून, दुपारी १२:४५

मी यजमानाच्या बाजूने लिहितो, जरा कडू लागेल.

माझ्याकडे दोनदा मोटारहोमवाले राहून गेले. वीज-पाण्याचं काहीएक वाटत नाही. राग कशाचा येतो सांगू? पाहुणा आपल्या दारात येऊन स्वतःच्या घरी राहतो. जेवायच्या वेळेला खानावळीत यावं तसा येतो. रात्री गप्पांना रंग चढला की साडेनऊला उठतो, "चला, बॅटरीचं बघायचंय." अठरा वर्षांनी भेटलेला रूममेट होता माझा. मला हॉलमध्ये गाद्या टाकून पहाटे दोनपर्यंत लोळत बोलायचं होतं, कुणाचं लग्न कसं मोडलं, कोण गेलं. ते सगळं "गुड नाइट" मध्ये गेलं.

दुसरं, कॉलनीतल्या घरमालकांची असोसिएशन. आमच्याकडे ड्राइव्हवेवर मोटारहोम ४८ तासांच्या वर चालत नाही. अनेक ठिकाणी २४ तासच चालते. शेजाऱ्याने फोटो काढून पाठवला, पत्र आलं, दंड भरला. मित्राला बोललो नाही. तो इथे नसावा अशी आशा.

तिसरं, टेक्सासचा जुलै. बाहेर १०५ फॅरनहाइट असताना तो छतावरचा एसी आत पंचाऐंशीच्या खाली नेत नव्हता. वहिनींचा चेहरा लाल झाला होता, तरी हा म्हणतो, "आम्हाला सवय आहे." घरात चार खोल्या गार करून रिकाम्या ठेवल्या होत्या मी.

---

चाकावरचा | ४ जून, दुपारी १:३०

डॅलसकर, लागलं, पण बरोबर लागलं. मी साडेनऊला उठणाऱ्यांतलाच आहे.

---

राइनकाठची | ४ जून, संध्याकाळी ५:०५

आमच्याकडे छोटी कॅम्परव्हॅन आहे, साडेतीन टनांच्या आतली, कारण साध्या बी परवान्यावर इथे ३५०० किलोपर्यंतच चालवता येते. जर्मनीत गावोगावी मोटारहोमसाठी श्टेलप्लाट्झ (गाडी लावून रात्र काढायच्या जागा) असतात, अगदी द्राक्षमळ्यांत सुद्धा. तसं नसेल तर गाडी चालवण्याइतकी विश्रांती म्हणून रस्त्याकडेला एक रात्र झोपलं तर कुणी काही म्हणत नाही. खुर्च्या-टेबल बाहेर मांडलं की मात्र ते कॅम्पिंग झालं.

गंमत ही की आम्ही गाडीत झोपतो म्हटल्यावर जर्मन मित्रांच्या चेहऱ्यावर सरळ सुटल्याचा आनंद दिसतो. मराठी मित्राकडे गेलं की, "मग गेस्टरूम कशाला केली आम्ही?" हा प्रश्न ऱ्हाइनही ओलांडतो आणि अटलांटिकही.

---

कातळकडा | ५ जून, सकाळी ८:१०

थोडं अवांतर, पण विषयाच्या कुंपणालाच लागून.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या मुलाच्या डोक्यात ते होतं. मागच्या मे महिन्यात पुण्याहून भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन देवगडला मामाकडे गेलो. घाट उतरेपर्यंत सगळं छान. वाडीत शिरताना मात्र दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि मध्ये बैलगाडीपुरती वाट. वर विजेच्या तारा लोंबत होत्या. ड्रायव्हर खाली उतरला, तारांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि परत वर चढून बसला. गाडी देवळासमोर लावली आणि बॅगा घेऊन चालत घरी.

त्यानंतर चार दिवस आमची कॅरॅव्हॅन वाडीची झाली. सकाळी बघायला मुलं, दुपारी बायका, संध्याकाळी म्हातारे. "हयसर न्हानी खंय?" "ह्यां काय, संडास? गाडयेत?" एका आजोबांनी कमोडचं झाकण उघडून आत बघितलं, मिटलं आणि काही न बोलता उतरून गेले. मामीने कापे गरे पिकल्यावर एक अख्खं ताट आत नेऊन ठेवलं, "गाडीकपण वास लागांदे." भाड्याच्या गाडीला पुण्यात परत देईपर्यंत फणसाचा वास होता. मालकाने तोंड वाकडं केलं, पण पैसे कापले नाहीत.

झोपलो सगळे मामाच्या पडवीत. गाडीत एक रात्रसुद्धा नाही.

---

माणदेशी | ५ जून, सकाळी १०:४०

तुम्ही लोक नवीन शोध लावल्यासारखं बोलताय म्हणून लिहितो. आमच्या भागातले धनगर हेच करत आलेत. घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबडी बांधलेली, वर लेकरू. पाऊस संपला की मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत माणदेशात. ठरलेली वाट, ठरलेली गावं, ठरलेले शेतकरी.

आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर तर भारी आहे. मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंड्यांचं, मुताचं खत होतं, म्हणून शेतकरी बोलावून घेतो आणि वर धान्य देतो. मुक्काम केल्याबद्दल यजमान पाहुण्याला देतो! कोण किती रात्री कुणाच्या रानात, यावर रुसवेफुगवे होतात. काका, तुम्ही यजमानाला काय देता त्याचा विचार करा.

---

मीठमिरची | ५ जून, सकाळी १०:४८

माणदेशी, त्यांच्याकडे ब्लॅक टँक आहे. त्याचं खत कुणी मागेल असं वाटत नाही.

---

शंकासूर | ५ जून, सकाळी ११:००

ब्लॅक टँक म्हणजे?

---

चाकावरचा | ५ जून, सकाळी ११:२५

संडासाची टाकी. अंघोळ आणि भांड्यांच्या पाण्याची वेगळी, ती ग्रे. ब्लॅक आम्हा दोघांना सहा दिवस जाते. मित्राच्या दारात ती कधीच रिकामी करत नाही. काही जण घरासमोरच्या सांडपाण्याच्या पाइपचं पांढरं झाकण काढून तिथे सोडतात, पण कित्येक शहरांत ते चालत नाही. घराला सेप्टिक टँक असेल आणि तुमच्या टाकीत फॉर्माल्डिहाइडचं औषध असेल तर त्याच्या सेप्टिकमधले जिवाणू मारून तुम्ही निघून जाता. पोहोचायच्या आदल्या दिवशी स्टेट पार्कात नाहीतर ट्रक स्टॉपवर पैसे भरून रिकामी करायची आणि सहाव्या दिवसाच्या आत निघायचं. खरं सांगायचं तर मुक्काम किती हे आमच्याकडे ती टाकीच ठरवते.

---

शंकासूर | ५ जून, सकाळी ११:२७

जेवताना वाचत होतो.

---

पुलाखालून | ६ जून, पहाटे ४:५५

मालवाहतुकीत २२ वर्षं काढलेला माणूस आहे, म्हणून काकांचा मार्ग वाचून राहवलं नाही. झोपायचं नंतर बघा, आधी पोहोचा.

बाल्टिमोर: तुमच्या गाडीला प्रोपेन आहे. आय-९५ चा फोर्ट मॅकहेन्री बोगदा आणि आय-८९५ चा हार्बर बोगदा, दोन्हीकडे १० पौंडांवरच्या प्रोपेनच्या टाकीला बंदी आहे. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. तो २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून पडला. आता ६९५ च्या पश्चिम बाजूने शहराला वळसा. तुम्ही कोलंबसहून आय-७० ने येणार म्हणजे ते वाटेवरच आहे, पण पुढे न्यू जर्सीला निघताना साधा जीपीएस तुम्हाला सरळ बोगद्यात नेईल.

न्यू यॉर्क, कनेटिकट: हचिन्सन रिव्हर, मेरिट, नावात पार्कवे आहे तिथे जायचं नाही. दगडी कमानी सुंदर आहेत आणि तुमच्या एसीपेक्षा खाली आहेत. टॅपन झी (आता मारिओ कुओमो) पुलावरून आय-२८७ ने ९५ ला लागा.

बॉस्टन: स्टोरो ड्राइव्ह. दर १ सप्टेंबरच्या सुमाराला, विद्यार्थी घरं बदलतात तेव्हा, तिथे कुणा ना कुणाच्या भाड्याच्या ट्रकचं छप्पर सार्डिनच्या डब्यासारखं सोलून निघतं. तुमची यादी ऑगस्टपर्यंत जाते आणि बॉस्टन शेवटी आहे, म्हणून सांगितलं.

गाडीची उंची डॅशबोर्डवर चिकटवा. जमिनीपासून एसीच्या माथ्यापर्यंत स्वतः टेप लावून मोजा, माहितीपत्रकातल्या आकड्यावर जाऊ नका. आणि टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसो, सहा-सात वर्षं झाली की बदला.

---

फ्यूज_उडाला | ६ जून, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली. असे प्रतिसाद यावेत म्हणून तर इथे पडून असतो.

---

नवीन_पान | ७ जून, रात्री ८:३०

काका, मी ४४, घरूनच काम. मला हे खुणावतंय. कायमचा पत्ता नसताना लायसन्स, बँक, आरोग्य विमा कसं जमवता? आणि पेट्रोल?

---

चाकावरचा | ७ जून, रात्री ९:१५

थोडक्यात सांगतो. पत्ता साउथ डकोटाचा, टपाल तिथून पुढे येतं. तिथे एक रात्र राहिल्याची पावती दाखवून लायसन्स मिळालं. राज्याचा प्राप्तिकर नाही. टेक्सास, फ्लोरिडाही बरेच जण याच कारणासाठी धरतात. बँकेला मात्र टपालपेटीचा पत्ता पटत नाही, तिथे मुलीचा दिला आहे.

विमा हेच दुखणं. मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) प्लॅन पत्त्याच्या राज्यापुरता. बाहेर बहुतेकदा आपत्कालीन उपचारच मिळतात. पासष्टला मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) लागलं की देशभर चालतं, त्याऐवजी खासगी कंपनीचा ॲडव्हांटेज प्लॅन घेतला की पुन्हा नेटवर्कात अडकायचं. तुझ्या वयात हे आधी सोडव, गाडी नंतर.

गॅलनला नऊ मैल. तीन हजार मैलांना ३३३ गॅलन, साडेतीन डॉलर धरले तर साडेअकराशेच्या पुढे. बासष्टीनंतर राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा आजन्म पास मिळतो (नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांना), सरकारी कॅम्पग्राउंडही बऱ्याच ठिकाणी अर्ध्या दरात. पण सगळीकडे गाडी जाते असं नाही. ग्लेशियर उद्यानाच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या घाटातल्या भागात २१ फुटांच्या पुढची गाडी सोडतच नाहीत. आम्ही ती २८ फुटी खाली ठेवून लाल बसने वर गेलो.

---

स्पष्टवक्ता | ८ जून, सकाळी ६:५०

राग मानू नका, पण हे सगळं गुडघे चालतात तोवर. उद्या अंथरुणाला खिळलात की ही पाच घरंच लागणार, आणि तेव्हा गेस्टरूमला नाही म्हणता येणार नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ठीक आहे, विंचू म्हातारा झाल्यावर काय?

---

चाकावरचा | ८ जून, सकाळी ७:४०

राग नाही. याच प्रश्नावर आमच्या दोघांत महिन्यातून एकदा वाद होतो. उत्तर अजून नाही. सत्तरी गाठली की चाकं थांबवायची एवढं ठरलंय, कुठे ते नाही.

---

उंबरठा | १० जून, पहाटे ५:३५

मी ती काकू. हा धागा काल यांनी जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. शंकासूर, विचारल्याबद्दल आभार. घरात कुणी विचारलं नव्हतं.

गाडी ही यांची हौस. पहिला महिना मी ओट्याकडे बघून रडले. ओटा म्हणजे दोन परातींची जागा. फोडणी घातली की स्मोक अलार्म, म्हणून आजही फोडणी बाहेर इंडक्शनवर होते. शेजारच्या तंबूतली माणसं नाक वर करून बघतात.

पण दुसऱ्याकडे पाहुणी म्हणून राहणं मला गाडीहून जड जातं, ते आजचं नाही, पस्तीस वर्षांचं. पुरुष पाहुणा सोफ्यावर बसतो. बाईने ओट्याशी उभं राहून "काही करू का" म्हणायचं असतं, आणि चाळणी कुठल्या कपाटात आहे ते तिला माहीत नसतं. मला पहाटे पाचला जाग येते. दुसऱ्याच्या घरी असले की सातपर्यंत छताकडे बघत पडून राहते, भांडं वाजून कुणाची झोप मोडायला नको. गाडीत मी पाचला आलं ठेचते. आत्ता हे लिहितेय ते चहा घेऊनच.

म्हणजे गाडीत झोपायची कल्पना माझी. आणि ती त्या वहिनींना सांगितली यांनी, दारातून, बूट न काढता! मी आत जाऊन, त्या चादरीवर बसून सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं. त्याही पाहुण्या म्हणून कुठे ना कुठे छताकडे बघत पडल्या असतीलच.

डॅलसकर, तुमचं गाद्या टाकून बोलायचं मला पटलं. यंदा पहिली रात्र घरात झोपायचं, हे मी ठरवलं आहे. यांनी मान डोलावली आहे.

---

डॅलसकर | १० जून, सकाळी ८:००

वहिनी, आता मीच गप्प बसतो. पुढच्या हिवाळ्यात ॲरिझोनाला जाताना डॅलसवरून जा. ४८ तास गाडीचे, बाकी घरात.

---

ओलं_खोबरं | १० जून, सकाळी ८:४५

उंबरठा, चाळणीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी जाऊ दरवर्षी येते आणि मी तिला कधी कपाटं उघडून दाखवली नाहीत.

---

चाकावरचा | १३ जुलै, रात्री १०:५०

कोलंबसहून लिहितोय. विचारणाऱ्यांसाठी हालहवाल.

ड्राइव्हवेला उतार निघाला. आमचा फ्रीज जुन्या, गॅसवर चालणाऱ्या जातीचा, त्याला गाडी समतल लागते. अर्धा तास चाकांखाली ठोकळे सरकवत होतो, मित्र पाण्याची लेव्हल धरून "अजून जरा, अजून जरा" करत होता. गराजमध्ये १४-५० मिळालं. (फ्यूज_उडाला, दिवाळी.) फ्रीजर वेगळ्या लाइनवर आहे हे खात्री करून घेतलं. (ओलं_खोबरं, तुमची आठवण.)

पहिली रात्र घरात झोपलो. गप्पा पावणेदोनपर्यंत. मी साडेनऊला उठलो नाही.

दुसऱ्या रात्री गाडीत. पहाटे सव्वापाचला दारावर टकटक. बघतो तर मित्राची आई, ८४ वर्षांच्या, मे महिन्यात पुण्याहून आल्यात. स्वेटर, काठी, कवळी न लावलेली. म्हणाल्या, "तुमचा दिवा दिसला. चहा टाकलाय का?" गाडीची पहिली पायरी उंच आहे, म्हणून मित्राच्या बाथरूममधलं प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं. आजी वर आल्या, बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, "मी रोज पाचला उठते गं. पण सूनबाईची झोपमोड नको म्हणून सातपर्यंत पडून असते."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आलं ठेचायला घेतलं.

आज चौथा दिवस. रोज सव्वापाच. स्टूल आता पायरीशीच असतं. वहिनींनी काल विचारलं, "आई तुमच्याकडे येतात का हो पहाटे? मला वाटलं, त्या देवपूजा करतायत." आज सकाळी त्यासुद्धा आल्या, नाइट गाऊनवर शाल घेऊन. चौघांना ती जागा पुरत नाही. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो.

ठरले होते तीन दिवस. टाकी सहाव्या दिवशी भरेल, तोवर आहोत.

---

माणदेशी | १४ जुलै, सकाळी ६:२०

म्हटलं होतं ना, यजमानाला काय देता ते बघा.

---

मीठमिरची | १४ जुलै, सकाळी ९:३०

काका, काकू, आता सांगतेच. तुमच्या कनेटिकटच्या वाटेवर, ९५ पासून दहा मिनिटांवर आम्ही राहतो. असोसिएशन नाही, ड्राइव्हवे सपाट आहे. एकच अडचण. दारातल्या मेपलची एक फांदी साडेदहा फुटांवर आहे. तुमची उंची किती?

---

चाकावरचा | १४ जुलै, सकाळी ९:४१

टेप लावून मोजली. ११ फूट ४ इंच, एसी धरून.

---

मीठमिरची | १४ जुलै, सकाळी ९:४३

करवत आहे. या.

---

ओलं_खोबरं | १४ जुलै, सकाळी ९:५०

मीठमिरची, तुमचा फ्रीजर कुठल्या सॉकेटवर आहे ते आत्ता जाऊन बघून या.